उघाडीवरचा ठिपका

रोह्याला दिलेली लेक भाविका फोनवरून शिकवत होती आणि पेणच्या खारपट्ट्यातल्या घरात पुंडलिक नव्या मोबाइलशी झटत होता. लोकेशन दोनदा बंद-चालू केलं, तरी त्याचा निळा ठिपका खाडीच्या बांधावर, भरतीचं पाणी अडवणाऱ्या उघाडीच्या दारापाशीच दिसत होता.

गेल्या उधाणाला बांध राखायची पाळी त्याचीच होती. तापाचं खोटं सांगून त्याने शेजारच्या पोपटला धाडलं. पोपट परतलाच नाही.

"बाबा, तुमचा ठिपका मला दाखवायची परवानगी मागतोय ना? देऊन टाका."

त्याने दिली.

"हां, हलला! घराकडं येतोय. चालताय काय?"

"नाय गो. बसलोय."

"आता बरोबर. दारात दाखवतोय."

उंबऱ्यावर पायांचा चिखल खरवडत कुणीतरी मायेनं विचारलं, "पुंडलिकदादा, ताप उतरला काय?"