कुणी बघत नसताना

सगळं थिएटर पडद्याकडे बघत होतं. आई मात्र मुलीच्या डाव्या हाताकडे बघत होती.

पडद्यावर दुकानदारानं शटर ओढलं आणि फळीवरची खेळणी एकेक करून उठली. अस्वलानं आळस दिला. माकडानं कापडी बाहुलीला हात देऊन खाली उतरवलं. आगगाडीनं शिट्टी वाजवली. पोरं श्वास रोखून बसली होती. पलीकडच्या खुर्चीत आजीसुद्धा चष्मा पुसून पुढे सरकली. त्या निळसर उजेडात आईला फक्त पाच बोटं दिसत होती. मांडीवर ठेवली होती तशीच होती, कुणीतरी विसरून गेल्यासारखी.

प्लास्टर निघून बरेच आठवडे झाले होते. "हाड जुळलंय," डॉक्टर म्हणाले होते. "आता भीती बसलीय, ती जायला हवी. पण फार थांबता येणार नाही. हात असाच पडून राहिला तर कोपर कायमचा आखडेल."

त्या दिवसापासून घरात रोज तालीम. चेंडू दाब. बोटं उघड. कोपर वर. आई समोर बसून डोळ्यांत तेल घालून बघायची. हात हलायचा नाही.

"रोप लावलंस की रोज उपटून मूळ बघतेस काय गं?" आजी म्हणायची.

आईला कळायचं. पण मुलगी घसरगुंडीवरून पडली तेव्हा ती पिशवीत पाण्याची बाटली शोधत होती. त्यानंतर आईची नजर मुलीवरून हटायलाच तयार नव्हती.

सिनेमात दुकानदार विसरलेली छत्री न्यायला परत आला. दिवा लागला आणि सगळं दुकान थिजलं. अस्वल तर एक पाय वर धरूनच उभं.

मुलगी आईच्या कानाशी लागली. "माणसानं बघितलं ना, की ती दगड होतात."

"हं," आई म्हणाली. तिचं लक्ष बोटांवरच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलीनं उजव्या हातानं आपली सगळी खेळणी खोलीभर मांडली.

"आई, तू कपाटाकडे तोंड करून बस. तू बघतेस तोवर कुणी उठायचं नाही."

"मी कुठे बघतेय तुमच्याकडे?"

"तू सारखी बघतेस. काल सिनेमासुद्धा नाही बघितलास."

आई कपाटाकडे वळून जमिनीवर बसली.

मागे कुजबुज सुरू झाली. काहीतरी सरकलं. एक ठोकळा पडला. "हळू रे, धसमुसळ्या," मुलगी कुणाला तरी दटावत होती. आईला राहवेना. कपाटाच्या चकचकीत पोलादी दारात खोली धूसर दिसत होती. मान न वळवता तिनं डोळे बारीक केले. अस्वल जागच्या जागी. बाहुली जागच्या जागी. मुलगी मांडी घालून बसलेली, आणि डावा हात... तो पोटाशी होता की बाजूला? नीट दिसेना. ती कणभर पुढे वाकली.

कुजबुज थांबली.

"अस्वल म्हणतंय, तुझी आई चोरून बघतेय."

"नाही गं."

"अस्वल खोटं बोलत नाही."

छोटी पावलं जवळ आली. मानेवर श्वास लागला. उजवीकडून एक तळवा आला आणि आईच्या उजव्या डोळ्यावर घट्ट बसला. घामट, गरम, खडूचा वास असलेला.

"आता बघून दाखव," मुलगी म्हणाली.

आईचा डावा डोळा उघडाच होता. त्या डोळ्यानं तिला पोलादी दारात एक धूसर काहीतरी दिसलं. तिच्या डाव्या खांद्यामागून ते वर येत होतं. जरा वर आलं, थांबलं, पुन्हा खाली गेलं. खेळण्यांनीदेखील श्वास रोखून धरला असावा. ते धूसर काहीतरी परत वर येऊ लागलं.

हेच बघायला तर ती एवढे दिवस पापणी न लवता बसली होती. आता नुसतं बघत राहायचं होतं.

आईनं डोळा मिटला. तो मिटलाय हे मुलीला मागून दिसणार नव्हतं.

काहीच झालं नाही. बराच वेळ काहीच झालं नाही.

मग तिच्या मिटलेल्या डाव्या पापणीवर थंडगार, थरथरती बोटं एकामागून एक येऊन टेकली.