तिनं घेतलेलं नाव

भूगावच्या सीडीच्या दुकानात मी हात जोडले. "सीडीला चरे पडलेत. बंद पडायच्या आत एक कॉपी काढून द्या. माझ्या मंडळीच्या जात्यावरच्या ओव्या हायेत. ती गेली." दुकानदार म्हणाला, "आजोबा, परवानगीशिवाय कॉप्या काढल्या म्हणून शेजारच्याला पोलिसांनी उचललाय. कव्हराच्या मागं वाचा." उतारवयात शिकलेली अक्षरं जोडत मी वाचलं: सर्व हक्क कंपनीकडे. तिचं नाव कुठंच नव्हतं. "मग कंपनीकडनं नवी मागवा," मी म्हणालो. "कंपनीनं विकणं कवाच बंद केलंय." "एकच ओवी द्या, बाबा. नवऱ्याचं नाव तिनं कधी घेतलं न्हाई. जात्यावर बसली की तेवढं ओवीत घ्यायची." त्यानं सीडी लावली. जात्याची घरघर आली, मागोमाग तिचा आवाज. माझ्या नावाच्या आधल्या शब्दावर सीडी अडकली. तोच शब्द पुन्हा पुन्हा. शेवटी ओवीतलं नाव मीच मोठ्यानं घेतलं, "कोंडाजी."