मातीची दुसरी वडी

पिशवी मार्लिसनेच दिली होती आणि आता तिला त्याचाच पस्तावा होत होता. सँडविच ठेवायची साधी पातळ प्लास्टिकची पिशवी. शेजारची कॉरिन ती हातात मोज्यासारखी घालून आपल्या नव्याकोऱ्या निळ्या गाडीपाशी उभी होती. मार्लिसच्या नवऱ्याने, लाइलने, कॉरिनचं मनगट धरून तो हात अलगद बॉनेटवर टेकवला होता.

“आता डोळे मीट,” लाइल म्हणाला. “उघड्या डोळ्यांना नाही कळायचं. पिशवीतून बोटांना बारीक कणही लागतो. हं, हळूच फिरव.”

कॉरिनने डोळे मिटले. “अगंबाई, खरखर लागतेय की. काल तर शोरूममधून आणली.”

“मालगाडीने आलीय ना ती. रुळांवरचा लोखंडाचा चुरा उडतो आणि रंगात रुतून बसतो. कितीही धू, जात नाही. त्यासाठी खास चिकट मातीची वडी मिळते, तिने ओढून काढावा लागतो.”

समोरच्या पायरीवर मार्लिस रुबार्बचे आंबट दांडे चिरत बसली होती. मनगट धरल्याशिवाय खरखर कळत नाही की काय या बाईला? दांडे फार बारीक चिरले जाताहेत हे तिच्या लक्षात आलं, पण सुरी थांबेना. कॉरिन गेल्या हिवाळ्यात इथे राहायला आली, एकटीच. तेव्हापासून तिच्या दारातला बर्फ लाइल काढणार, तिचा नळ लाइल दुरुस्त करणार. बरं, बाई गोड. दर खेपेला मार्लिसला विचारूनच त्याला न्यायची. त्यामुळेच तर मार्लिसचा जीव जास्त जळायचा. तोंडावर भांडायलाही जागा ठेवत नव्हती.

निळ्या गाडीशेजारीच मार्लिसची बदामी गाडी उभी होती. तिच्या टपावर पाइनच्या चिकाचे ठिपके वाळून काळे पडले होते. सकाळपासून तिकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं.

लाइल साबणाचं पाणी फवारायचा, वडी हलक्या हाताने सरळ पुढेमागे न्यायचा, मळली की घडी घालून स्वच्छ बाजू वर काढायचा. इतक्या हळुवारपणे याने घरातल्या कशालाही हात लावलेला मार्लिसला आठवेना. अर्धं बॉनेट झालं. फवाऱ्यातलं पाणी संपलं तसा तो भरायला आत गेला. कॉरिनला फोन आला, ती बोलत बोलत कुंपणाकडे गेली. वडी उलट्या बादलीवर फडक्यात ठेवलेली होती.

मार्लिस उठली. तिने वडी उचलली. लाइलच्या हाताची ऊब अजून तिच्यात होती. मार्लिसने बोटं उघडली, आणि वडी खाली सिमेंटवर, वाळूत पडली.

बस, एवढंच. ती परत पायरीवर येऊन बसली. गाडीला तिने नखही लावलं नव्हतं. पण खाली पडलेली वडी कचऱ्यात जाते, हा या घरातला कायदा होता. वाळूचा एक कण अडकला तरी रंगावर ओरखडे उठतात, म्हणून लाइल त्यात कुणाचं ऐकत नसे.

“ही कशी पडली?” लाइल बाहेर येऊन म्हणाला.

“माझ्या हातून,” मार्लिस म्हणाली. “बघायला घेतली होती.”

तो तिच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला. मग वडी उचलून त्याने कचऱ्याच्या डब्यात टाकली. मार्लिसला आतून इतकं बरं वाटलं की तिला स्वतःचीच लाज वाटली. झालं, आटोपला कार्यक्रम. राहू दे अर्धी गाडी खरखरीत.

पण लाइल गॅरेजच्या कोपऱ्यात गेला, आणि वरची फळी चाचपून एक पाकीट घेऊन आला. न फोडलेलं. त्यावर धूळ बसली होती.

“ही कुठली?” मार्लिसने विचारलं.

“तुझ्या गाडीसाठी आणली होती. दोन वर्षं झाली. तू म्हणालीस, माझं खटारं कशाला घासतोस, उगाच वेळ घालवू नकोस.”

असं म्हणाल्याचं मार्लिसला स्वच्छ आठवलं. त्या दिवशी तो नुसताच “बरं” म्हणाला होता आणि तिला वाटलं होतं, एकदा तरी आग्रह करील.

फोन बंद करून कॉरिन आली. लाइलचं बोलणं तिच्या कानावर पडलं असावं. “छे छे, लाइल, मार्लिसची वडी मला नको,” ती म्हणाली. “तिची गाडी कर आधी. माझं काय, पुढच्या आठवड्यात बघू.”

लाइल पाकीट हातात धरून दोन गाड्यांच्या मधे उभा राहिला आणि त्याने बायकोकडे पाहिलं. खरंच वाट बघत होता तो. एक ‘हो’ म्हणायचं होतं. पण कॉरिनने दिलेलं, कॉरिनच्या देखत घ्यायचं?

“वापर रे तिच्याच गाडीला,” मार्लिस म्हणाली. “माझं खटारं काय घासायचंय.”

“बरं,” लाइल म्हणाला, आणि त्याने दातांनी पाकीट फाडलं.

ती रुबार्बचं पातेलं घेऊन आत गेली. ते ओट्यावर ठेवलं. मग खणातून एक प्लास्टिकची पिशवी काढून बाजूच्या दाराने बाहेर आली आणि आपल्या गाडीच्या पलीकडच्या अंगाला जाऊन उभी राहिली. तिथून ती दोघं दिसत नव्हती, पण साबणाच्या पाण्याचा फुसफुस आवाज येत होता आणि मधूनच कॉरिनचं हसणं.

मार्लिसने पिशवी हातात चढवली, डोळे मिटले आणि हात दारावरून फिरवायला घेतला. पहिल्या वितीतच खरखर लागली. ती डोळे मिटून हात फिरवत राहिली.