तुटक रेघ

“ही रेघ चुकली,” नरहरआजोबा म्हणाले. त्यांचं बोट अबोलीच्या नावावर होतं.

जेवणाच्या टेबलावर घराण्याची वंशावळ पसरली होती. नागपूर, अमरावती, वर्धा, जिथे कुणी नातेवाईक निघाला तिथे फोन करून, एकेक नाव ताडून अबोलीनं ती उभी केली होती. उद्या नेहरू नगरच्या हॉलमध्ये, सगळ्या आप्तांसमोर ती भिंतीवर लागणार होती.

“जन्माची रेघ अखंड, दत्तकाची तुटक. कोपऱ्यात तूच लिहिलंयस. मागच्या पिढ्यांत तशा काढल्यासही. मग तुझीच अखंड कशी?”

अबोली प्रयोगशाळेत काम करणारी मुलगी. एका नोंदीला एक नियम आणि दुसरीला दुसरा, हे तिला एरवी चाललं नसतं. पण स्वतःच्या नावाशी तिचा हात थांबला होता.

“मी ओढली ती, काका,” तिचे बाबा, उदय, स्वयंपाकघरातून बाहेर आले. “उद्या जो तो तिला विचारणार, मूळची कुठली गं तू?”

“विचारू देत की.”

“अब रहने दो, काका. तुमचं काय जातंय?”

 आजोबा उदयच्या वडिलांचे थोरले भाऊ, आता घराण्यात सर्वांत वडील. त्यांच्यापुढे आवाज चढवायची उदयची ही पहिलीच वेळ.

अबोलीनं खोडरबर उचललं. रेघ पुसली, पट्टी ठेवली आणि एकेक तुकडा काढत आपल्या नावापर्यंत आली.  उदयनं तोंड फिरवलं.

“झालं,” ती म्हणाली.

“कुठे झालं?” आजोबांचं बोट वर सरकलं आणि स्वतःच्या नावावर थांबलं. “ही पण चुकली.”

उदय गर्रकन वळला. “म्हणजे?”

“म्हणजे तुझा बाप या घरात जन्मला, म्हणून या घरचा झाला. त्यात त्याची काय कर्तबगारी? मला आणायला आई स्वतः अकोल्याला गेली होती. आणि हिला आणायला तू.”

आजोबा खुर्चीत ताठ बसले. त्यांनी पट्टी अबोलीकडे सरकवली.

“पुस पोरी. उद्या हा सगळा मान तुला एकटीला कसा घेऊ देईन?”