एक जूनची पोरं

अर्ज बाद झाल्याचा कागद बोर्डावर लागला, तेव्हा तानाजी कॉलेजच्या गेटवर पत्रकं वाटत होता.

कारण एका ओळीचं होतं. तीस सप्टेंबरला उमेदवाराचं वय पंचविसाच्या आत पाहिजे. दाखल्यावर तानाजीची जन्मतारीख एक जून दोन हजार. चार महिने जास्त.

हरकत यशराजनं घेतली होती. संस्थेच्या उपाध्यक्षांचा पोरगा तो. त्याला विद्यार्थी परिषदेचं अध्यक्षपद बिनविरोध पाहिजे होतं. बापाला सगळं तसंच मिळत आलेलं, मग पोराला घाम गाळायची सवय लागायची कुठून?

तानाजीला अध्यक्षपद हवं होतं ते एका वसतिगृहासाठी. जतच्या दुष्काळी गावांतून सांगलीला शिकायला येणाऱ्या पोरांसाठी इमारत बांधून तीन वर्षं झाली होती. आत संस्थेच्या खताची पोती निजत होती आणि पोरं बाहेर एकेका खोलीत सहा-सहा. अध्यक्षाला संस्थेच्या बैठकीत बोलता येतं. एकदा तिथं उभं राहून विचारायचं होतं, खताला हवा लागती का रं?

वकील अबोली मॅडमनी दाखला बघितला आणि हसल्या.

"एक जून! तुमच्या वर्गात आणखी किती एक जूनवाले?"

"पस्तिसातले एकोणतीस."

का, ते सांगायची गरजच नव्हती. मेंढरांमागं फिरणाऱ्या धनगराच्या पोराची जन्मनोंद कोण ठेवतो? गुरुजी पोराकडं बघायचे, साल अंदाजानं धरायचे आणि तारीख एक जून टाकून मोकळे व्हायचे. अख्ख्या गावाच्या बायका एकाच दिवशी बाळंत झालेल्या.

मॅडमनी थेट हायकोर्टात धाव घेतली. कोर्टानं सांगितलं, कॉलेजच्या तक्रार समितीनं सोमवारी पुरावे बघून निकाल द्यावा.

पुरावे जमत गेले. सरकारी डॉक्टरांनी हाडांचे फोटो काढून तेविसाच्या आसपास वय लिहून दिलं. चुलता आकाराम साक्षीला तयार झाला. राहिली आई.

तानाजी एसटीनं जतला गेला, तिथून गावी. बाप गेल्या सालीच वारला होता. आई भामाबाई मेंढरांच्या वाड्यापुढं लोकर निवडत बसली होती.

"आये, मी कवा झालो एवढंच सांगायचं हाय."

"मला अडाणीला साल काय कळतंय?"

"साल नको. दुष्काळ हुता का पाऊस, काय आठवल त्ये सांग."

"सोड की रं ती विलेक्शन. मोठ्या माणसांच्या पोरांचा खेळ त्यो."

"म्हणून तर खेळायचा. तुज्या एका शब्दावर अडलंय समदं."

भामाबाईनं लोकरीतला काटा काढला, तो बराच वेळ बोटात धरून ठेवला. "शब्दाचं लय वाईट असतं, बाबा. एकदा सुटला की मागं वळवता येत न्हाई."

साहेबलोकांना भ्याली, असं तानाजीला वाटलं. सोमवारी पहाटे त्यानं तिला जवळजवळ ओढतच एसटीत बसवलं.

समितीत एक निवृत्त न्यायाधीश मधोमध बसले होते. बाजूला प्राचार्य, ते खाली मान घालून. संस्थेचा पगार खाणाऱ्याची मान दुसरीकडं कुठं असणार?

आकारामनं रंग भरला.

"साहेब, तिसरीत गेला तवा ह्याचं पुढचं दात पडलं. आन एका साली ह्याचं आय-बाप ह्याला आन मेंढरं घिऊन शिराळ्याकडनं माघारी आलं, तर ह्यो गेला हुता त्याच्या निम्मा झालेला! लोकांची पोरं वाढत्यात, आमचं आखडलं!"

न्यायाधीशसुद्धा हसले. हाडांचा अहवाल त्यांनी दोनदा वाचला आणि मान हलवली. अबोली मॅडमनी टेबलाखाली तानाजीला अंगठा दाखवला.

"आईची साक्ष झाली की संपलं," न्यायाधीश म्हणाले.

यशराजचा वकील उठला. "आई काय, पोरासाठी काहीही बोलेल, सर. तिच्या साक्षीला काय किंमत?"

तानाजीच्या डोक्यात तिडीक गेली. "माझी आई खोटं बोलंल? थांबा!"

बाहेर पोरांनी जिंकल्यावर उधळायला भंडारा आणला होता. त्यातली मूठभर हळद तो घेऊन आला. "साहेब, हातात बिरोबाचा भंडारा घिऊन धनगर खोटं बोलत न्हाई. चोरीची मेंढरं ह्या शपथंवर परत केल्यात आमच्यात. विचारा आता."

भामाबाई मागं सरकली. "नगं रं, तान्या. मला भंडारा नगं दिऊ."

"घे, आये. बघू दे ह्यांना."

त्यानं तिची मूठ उघडली, भंडारा भरला आणि आपल्या हातानं मिटवली.

"बाई, तुमचा मुलगा कधी जन्मला?"

भामाबाईनं डोळे मिटले.

"दाखल्यावर हाय तीच तारीख. एक जून."

यशराज खुर्चीत सैल झाला. अबोली मॅडम झटकन पुढं झाल्या. "मावशी, ती गुरुजींनी अंदाजानं टाकली ना?"

"न्हाई. मीच सांगितली. पावसाच्या तोंडावर मेंढरं घिऊन माघारी येताना उंब्रजच्या दवाखान्यात मी बाळंत झाले. तितला कागद हुता माझ्यापाशी."

"आये, काय बोलतीस!" तानाजी ओरडला.

न्यायाधीशांनी अहवाल पुन्हा उचलला. "पण डॉक्टर तर तेवीस म्हणतायत. दोन्ही खरं कसं असेल?"

बोटांच्या फटींतून हळद लुगड्यावर सांडत होती. तिनं तानाजीकडं बघितलं नाही.

"दोनी खरं हाय, साहेब. एक जूनचा तानाजी मी शिराळ्याच्या रानात मातीआड केला. माघारी येताना वाटंवर गावल्याला ह्यो कुणाचा हाय, त्ये मला बी ठावं न्हाई."