जाणाऱ्याने हरून जायचं

“त्या खुर्चीवर नको ठेवूस,” लोरीन म्हणाली.

तरीही हॉलिस टॅकेटने हातातलं खोकं तिथेच ठेवलं. पावाच्या लादीएवढं, तपकिरी कागदात गुंडाळलेलं, दोरीने बांधलेलं.

“काय आहे? केक?”

“नंतर बघू.”

“क्लीटच्या खुर्चीवर कोणी बसत नाही. माझं मांजरसुद्धा.”

“ठाऊक आहे मला.”

लोरीनने नाक मुरडलं, बर्फ घातलेला गोड चहा त्याच्यापुढे सरकवला आणि हिरवी वही उघडली. महिन्याचा पहिला सोमवार होता. पहिल्या सोमवारी दुपारी हॉलिस डायर्सबर्गला यायचा म्हणजे यायचाच. गेली अठरा वर्षं.

टेनेसीतल्या आखाड्यांत कोण जिंकणार, कोण हरणार, कोण कोणाचा सूड घेणार, हे एके काळी हॉलिस ठरवायचा. पैलवान मग घाम गाळून ते खरं करून दाखवायचे. लोकांना ते खरंच वाटायचं आणि तसं वाटू द्यायचं, हा धंद्याचा पहिला नियम. आतली गोष्ट बाहेर सांगायची नाही, पैलवानाच्या बायकोलासुद्धा नाही. ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्याचं तिथे काम नव्हतं.

लोरीनचा नवरा क्लीट प्रुइट हा हॉलिसचा सगळ्यात मोठा पैलवान. अठ्ठ्याहत्तरच्या ऑक्टोबरात, एका शनिवारी, नदीपलीकडच्या गावातली कुस्ती आटोपून तो घरी निघाला आणि त्याची गाडी मिसिसिपी नदीत गेली. गाडी मिळाली. क्लीट मिळाला नाही. लोरीनने त्याचे बूट आणि कोट पुरले.

वर्षभर ती कोणाशी धड बोलली नाही. मग एकदा हॉलिसला म्हणाली, “तो असता तर तू त्याला पुढे काय काय करायला लावलं असतंस?”

हॉलिसने हातातली टोपी गुडघ्यावर ठेवली आणि तो सांगू लागला; ती लिहून घेऊ लागली. तेव्हापासून क्लीट वहीत जिवंत होता. तो कॅनडात अल्बर्टाला गेला, मुखवटा घालून खेळला, जपानला जाऊन आला. ब्याऐंशीत त्याने डावा गुडघा मोडून घेतला आणि तशाच लंगड्या पायाने अजिंक्यपदाचा पट्टा जिंकला. कधी कधी लोरीनला वाटायचं, खऱ्या क्लीटपेक्षा हाच आपल्याला जास्त कळला.

“थंडीत त्याचे दात वाजायचे,” ती कुरकुरायची. “तू त्याला तिकडे कशाला धाडलंस, देव जाणे.”

एकदा तिने विचारलं होतं, तिकडे त्याला कोणी बाई भेटली का. हॉलिस म्हणाला होता, “मी कुस्त्या जुळवतो. लग्नं नाही जुळवत.” ती पोट धरून हसली होती.

दर सोमवारी निघताना मात्र तिचा एकच प्रश्न असायचा. “मग तो घरी आला?” हॉलिसचं उत्तरही ठरलेलं. “अजून करार संपला नाही, लोरीन.” ‘तो घरी आला’ हे एक वाक्य तिला वहीत हवं होतं. बाकी पट्टे गेले खड्ड्यात.

“आज शेवटची कुस्ती लिहू,” हॉलिस म्हणाला.

तिने चमकून वर बघितलं. “शेवटची? आत्ताच कशाला? साठीचाच तर आहे. त्याहून म्हातारे लंगोट कसून हिंडतात.”

“थकला तो.”

“तू थकलास. सरळ सांग की.”

“मीही थकलो,” हॉलिस म्हणाला, आणि ते खरं होतं. “लिही. अल्बर्टातलं कॅलगरी. समोर एक नवखा पैलवान. सतराव्या मिनिटाला क्लीटची पाठ टेकली.”

“हरवलंस त्याला? शेवटच्या दिवशी?”

“धंद्याची रीत आहे. जाणाऱ्याने हरून जायचं. जो मागे राहतो, त्याला मोठं करून जायचं.”

लोरीन लिहिता लिहिता थांबली. “मग त्या शनिवारी तो कसा हरला?”

“कुठल्या?”

“कुठल्या काय! पट्टा त्याच्या कमरेला होता. आणि तू त्याला एका नवशिक्याकडून चितपट करवलंस. तो कुठे निघाला होता?”

हॉलिसने चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. बाहेर कोणीतरी गवत कापत होतं.

“चूक झाली माझी,” तो म्हणाला.

“तेवढी एकच कुस्ती तू वाईट जुळवलीस. हरून आला असता तर दोन दिवस माझ्याशीही बोलला नसता. पण आला तर असता.” रडायला तिला लाज वाटली नाही, हॉलिससमोर कसली लाज. तिने नाक पुसलं आणि पेन उचललं. “बरं. करार संपला. आता सांग. मग तो घरी आला?”

“आला.”

अठरा वर्षांनी मिळालेला शब्द. तिने तो सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहिला आणि त्याच्याकडे बघत राहिली.

“दारात उभा राहून काय म्हणाला?”

“काहीच नाही.”

“त्याला बोलता कुठे यायचं म्हणा!” ती रडता रडता हसली. “आणि मी? मी काय केलं? दार उघडलं की थोबाडीत दिली?”

“ते मला नाही ठरवता येणार, लोरीन.”

हॉलिस उठला. क्लीटच्या खुर्चीवरचं खोकं त्याने दोन्ही हातांनी उचललं, तिच्या वहीशेजारी ठेवलं, दोरी सोडली आणि टोपी घेऊन दाराकडे गेला. त्याने मागे वळून बघितलं नाही.

“अरे, निदान केक तरी खाऊन जा,” असं म्हणत लोरीनने कागद बाजूला केला. आत कॅलगरीहून टपालाने आलेला पत्र्याचा डबा होता आणि झाकणावर टाइप केलेली चिठ्ठी: क्लीटस रे प्रुइट, अस्थी, मृत्यू १९ मार्च १९९७.