बंद बटण

बटण बंद होतं, तरी दिवाणखान्याच्या छताचा बल्ब मिणमिणत होता. सुलेखानं पुन्हा पुन्हा चालू-बंद करून पाहिलं. बंद केलं की बल्ब विझायचा, पण पुरता नाही. काजव्याएवढा उजेड मागं राहायचाच. तो येतो कुठून, हे कळल्याशिवाय तिला चैन पडेना.

"राहू दे गं त्याला," सासूबाई, मनकर्णाबाई, दारातूनच म्हणाल्या. त्या खोलीतल्या बटणांना त्या हात लावत नसत. सासरे पुंजाराम ह्याच होल्डरात बल्ब बसवताना शॉक लागून गेले होते. लोखंडी स्टुलावर उभं राहून त्यांनी विचारलं होतं, "बटण बंद केलं का?" मनकर्णाबाई "व्हय" म्हणाल्या होत्या. दहाव्याला गंगापूरहून आलेल्या भावकीनं परस्पर ठरवून टाकलं, बाईनं बघितलंच नाय, नुसतं व्हय म्हणाली. ऐकून ऐकून पुढं त्यांनाही तेच खरं वाटू लागलं. होल्डर रिकामा राहिला. परवा सुलेखानंच मेन स्विच पाडून त्यात एलईडी बसवला आणि हे कोडं घरात आलं.

गारखेड्याच्या चौकातला वायरमन बद्रीनाथ लाकडी शिडी घेऊन आला. बटण बंदच ठेवून त्यानं बल्ब काढला, होल्डरात टेस्टर लावला. टेस्टर पेटला. बद्रीनाथ खाली उतरला, आधी मेन पाडला आणि मगच बोर्ड उघडला.

"वहिनी, वायरिंग उलटी हाये. करंटची वायर सरळ वर होल्डरात सोडलीय, बटणावर नुसती परतीची. बटण बंद केलं तरी वर करंट असतोच. मेन पाडल्याबिगर हात लावायचा नाय."

"म्हणून मिणमिणतोय होय!" सुलेखाला कोण आनंद झाला. त्या आनंदात दारातल्या सासूबाईंचा तिला विसरच पडला.

"मधी कुणी बदलली का रं ही वायर?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"नाय मावशी. घर बांधलं तवाची हाये. स्क्रूसुदीक कुणी हलवला नाय."

मनकर्णाबाई आत आल्या. उघड्या बोर्डासमोर उभ्या राहिल्या. त्यांनी बंद बटणावर बोट ठेवलं.

"सुलेखा," त्या म्हणाल्या, "मी बटण बंद केलं होतं गं."